विकाऊ घर आणि पुराची खूण

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरला की बडोद्यात जुनी घरे विक्रीला निघतात आणि दलालाचा पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी रंग काढून घ्या. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला असल्यामुळे ओळखीची मंडळी अशी घरे बघायला मला सोबत नेतात. विकणाऱ्याने घर नीटनेटके करावे, याबद्दल माझी तक्रार मुळीच नाही. परंतु 2024 च्या ऑगस्टमधील पुरानंतर समा, कारेलीबाग, फत्तेगंज, अकोटा, मुजमहुडा अशा विश्वामित्री नदीच्या आसपासच्या वस्त्यांत, घर विक्रीसाठी तयार करणे म्हणजे भिंतीवरची पाण्याची रेघ लांबी (पुट्टी) भरून बुजवणे, असा जो अर्थ रूढ होत चालला आहे, त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

त्या पुरात नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडून 35 फुटांचाही टप्पा मागे टाकला; त्याआधी 31 जुलै 2019 च्या पावसाने काय दाणादाण उडवली होती, हेही शहर विसरलेले नाही. पाण्यात उभी राहिलेली विटांची भिंत वरून कोरडी दिसू लागली तरी आतून महिनोन्‌महिने ओली असते. तिच्यावर घाईघाईने लांबी आणि प्लास्टिक पेंट चढवला की आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, क्षार रंगाखाली साठत जातात आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटून लोणा पुन्हा वर येतो. तोवर विक्रीचा दस्तावेज झालेला असतो आणि घेणारा कपाळाला हात लावून बसतो.

शिवाय रंगाने सारे झाकले जाते, हाही भ्रमच आहे. अलीकडे पाहिलेल्या एका बंगल्याचा दिवाणखाना नुकताच रंगवून लख्ख केलेला होता. मात्र दाराच्या तीन बिजागऱ्यांपैकी खालच्या दोन गंजलेल्या आणि वरची कोरी होती, प्लायच्या कपाटाचा तळ फुगल्यामुळे त्याचे दार पुरते लागत नव्हते, आणि फरशीपासून दीड फुटावर जुन्या स्विचबोर्डांची चौकोनी ठिगळे नव्या रंगातूनही उठून दिसत होती. नवे बोर्ड खांद्याच्या उंचीवर बसवलेले होते. गिऱ्हाइकाने तोंडाने एक शब्दही काढला नाही, पण संध्याकाळी भाव चांगलाच पाडून मागितला. वास्तविक बोर्ड वर घेणे ही अत्यंत शहाणपणाची दुरुस्ती होती. ती अभिमानाने दाखवायची सोडून झाकत बसल्याने मालकाच्या पदरात काय पडले?

कायद्याची बाजूही पाहावी. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार, मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या ध्यानात येण्याजोगा नाही, तो उघड करणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि तसे न करणे हे कपट समजले जाईल, असे त्याच कलमात म्हटले आहे. पुराचे पाणी या व्याख्येत बसते की नाही, यावर वकील मंडळी खुशाल वाद घालोत. माझ्या मते विकणाऱ्याने कोणत्या वर्षी, किती फूट पाणी आले आणि नंतर कोणती दुरुस्ती केली, हे बानाखतातच (विक्रीच्या प्राथमिक करारातच) लिहून द्यावे. भाव थोडा कमी येईल, पण व्यवहार मध्येच मोडण्याची किंवा पुढे कोर्टात जाण्याची धास्ती राहणार नाही.

रंगावर होणाऱ्या खर्चातला काही भाग कागदपत्रांवर केला, तर तो अधिक कारणी लागेल. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या कित्येक वाड्यांच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचेच नाव असते आणि बहिणींच्या हिश्शाचा विषय गिऱ्हाईक दारात उभे राहिल्यावर निघतो. वडील मृत्युपत्र न करता वारले असतील, तर त्यांच्या स्वकष्टार्जित घरात मुलींना 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वारसा आहे, आणि वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीने त्या जन्मतः सहहिस्सेदार झाल्या आहेत. बहिणीला आपला हक्क स्वखुशीने सोडायचा असेल, तर हक्कसोड दस्त नोंदवलाच पाहिजे. घरच्या घरी कागदावर सही घेऊन भागत नाही. कोणी भावंड अमेरिकेत असेल, तर त्याच्या हिश्शावर होणारी करकपात बरीच मोठी असते, तेव्हा कमी कपातीच्या दाखल्यासाठी अर्ज आधीच करावा. घर अशांत धाऱ्याखालील (अशांत ठरवलेल्या भागांतील मिळकतींच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या गुजरातच्या कायद्याखालील) भागात असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि तिलाही वेळ जातो. घर रिकामे करताना मोडी लिपीतले गायकवाडी राजवटीचे कागद हाती लागले, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी वकिलाला दाखवावेत, कारण मालकीची साखळी कधीकधी तिथूनच सुरू होते.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून महानगरपालिकेला एक विनंती करावीशी वाटते. 2019 आणि 2024 च्या पुरांत कोणत्या रस्त्यावर किती पाणी होते, याच्या खुणा तिने प्रत्येक बाधित सोसायटीच्या तोंडाशी एखाद्या खांबावर कायमच्या रंगवाव्यात आणि तीच माहिती वॉर्ड ऑफिसात कोणालाही मागताच पाहायला मिळावी. यामुळे आमच्या भागात भाव पडतील, असा आक्षेप येईल, याची मला कल्पना आहे. मी स्वतः कारेलीबागेत राहतो आणि उद्या माझेही घर विकावे लागेल, तरीही ही मागणी मी विचारपूर्वकच करीत आहे.

आपला,
एक निवृत्त अभियंता,
कारेलीबाग, बडोदा