कवड्याचा फोटो माझा एकटीचा नाही, ताई

प्रिय ताई,

पक्षी सप्ताहानिमित्त आपल्या वाचनालयात छोटं प्रदर्शन लागलं, त्यात डावीकडच्या भिंतीवर तिसरा फोटो माझा होता. कवड्या खंड्या, पाण्यावर हवेत एका जागी थांबलेला, चोच सरळ खाली. खाली माझं नाव, लेन्स, शटर स्पीड, सगळं छापलेलं. लोक अभिनंदन करत होते आणि तुम्ही दाराशी घाईघाईने चपला घालत होतात. मी आभाराचं काही बोलायला लागले की तुम्हाला नेमकं कुठेतरी जायचं असतं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. पत्राला मध्येच "पुरे गं आता" म्हणता येत नाही.

५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अलींचा, म्हणून महाराष्ट्रात २०२० पासून हा सप्ताह साजरा होतो, हे मला तुम्हीच सांगितलं होतंत. २०२५ चा हा सप्ताह चितमपल्लींच्या जाण्यानंतरचा पहिला. त्या संध्याकाळी पाहुण्यांनी त्यांचं नाव घेतलं तेव्हा तुम्ही मागच्या खुर्चीत डोळे पुसलेत, ते मी पाहिलं.

२०२१ च्या एप्रिलपासून सांगायला हवं. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहायचं. बाहेर सगळं बंद. भावाने हौसेने घेतलेला आणि नंतर कपाटात टाकलेला कॅमेरा मी त्या दिवसांत मागून आणला. बाल्कनीतल्या जास्वंदीवर एक काळानिळा चकाकता पक्षी यायचा, त्याचे फोटो काढत बसायचे. एकदा लिफ्टपाशी तुम्ही भेटलात, दोघींच्या तोंडावर मास्क. का कोण जाणे, मी मोबाइल पुढे केला. तुम्ही चश्मा वर सारून खूप वेळ पाहिलंत. "छान आलाय" असं म्हणाला नाहीत. म्हणालात, "जांभळा शिंजीर. याची मादी कुठे बसते?"

त्या घडीपर्यंत त्याला मादी असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ती शोधायला बसले. पाठीवर मळकट, पोटाशी पिवळसर, गेले आठ दिवस ती माझ्यासमोरच येत होती आणि मी तिला दुसराच कुठला तरी पक्षी समजत होते. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा सलग दोन तास मी दुसऱ्या कशात तरी गुंतले होते. तुम्ही विचारलेला प्रश्न अगदी साधा होता, पण माझ्यासाठी त्याने काय केलं, ते तुम्हाला ठाऊक नसावं.

मग नोव्हेंबरात तुम्ही म्हणालात, शनिवारी कवडीपाटला जाऊ. आमच्या घरी हे सोपं नव्हतं. पहाटे पाचला बाईमाणसाने नदीकाठी जायचं, तेही गळ्यात महागाची वस्तू अडकवून, हे सासूबाईंना पटेना. त्यांची काळजी खरी होती, मी त्यांना दोष देत नाही. तुम्ही घरी आलात, स्वयंपाकघरात त्यांच्याशेजारी पाटावर बसून पोहे खाल्लेत आणि सांगितलंत, "बत्तीस वर्षं नाइट ड्युटी करून पहाटेच घरी आलेली बाई आहे मी. तुमची सून माझ्या जबाबदारीवर." शनिवारी पाचला सासूबाईंनी स्वतः उठून मला शाल दिली. पुण्यात हौसेने फोटो काढणाऱ्या कितीतरी बायका केवळ सोबत नाही म्हणून बाल्कनीपुढे जात नाहीत. लेन्स उसनी मिळते. पहाटेची सोबत मिळवणं फार अवघड. ती तुम्ही मला दिलीत, आणि चार वर्षांत एकदाही "आज नको" म्हणाला नाहीत.

कवडीपाट पहिल्यांदा पाहून मी खचले होते, हे आज कबूल करते. हडपसरहून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे वळलो आणि आधी वासच आला. सगळ्या पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा तिथे येते. बंधाऱ्याच्या दगडांना प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या, पाण्यावर फेस, कडेला जलपर्णी. त्या पाण्यात थापट्या बदकं, चक्रवाक, लाल पायांचे शेकाटे, शराटी, डोक्यावरून नदी सुरय. तुम्ही एकेक नाव सांगत होतात. हळदी-कुंकू बदकाचं नाव ऐकून मी हसले, तर म्हणालात, "हसू नकोस, नीट बघ." चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे ठिपके. ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याची नजर माझ्या लेन्सपेक्षा चांगली होती.

आणि कवड्या. काळापांढरा, कवड्यांची माळ घातल्यासारखा. पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो आणि दगडासारखा कोसळतो. त्या सकाळी मी त्याचे तीनशे बारा फोटो काढले. एकही धड नव्हता. कशात शेपूट, कशात नुसतं पाणी, कशात पांढरा भाग उजेडाने इतका जळलेला की पीस दिसेना. मी सगळे पुसून टाकणार होते. तुम्ही अडवलंत. संध्याकाळी चहा घेऊन आलात आणि तीनशे बाराही फोटो एकेक करून पाहिलेत. पाऊण तास लागला. माझ्या आयुष्यात माझ्या चुकांकडे कोणी इतक्या आदराने बघितलं नव्हतं. मध्येच थांबून विचारायचात, "इथे काय करतोय तो? मान का वळवली?" मग पिशवीतून ती वही काढलीत.

त्या वहीविषयी लोकांना सांगायलाच हवं. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, शाईच्या पेनाने लिहिलेली. रुग्णाचा चार्ट लिहावा तशा नोंदी. ६.५० तारेवर बसला. ७.०२ सूर मारला, रिकामा. ७.०४ पुन्हा त्याच तारेवर. ७.११ मासा. दोन पट्टे, नर. छातीवर दोन काळे पट्टे असले तर नर, एकच आणि तोही मधे तुटलेला असला तर मादी, हे मी त्या वहीत वाचून शिकले. तुमचा कॅमेरा साधा, एकाच लेन्सचा, सेन्सर बोटाच्या नखाहून लहान. त्यातले फोटो दाणेदार येतात, म्हणून तुम्ही ते कुठे देत नाही. बंधाऱ्यावर कोणीतरी त्या कॅमेऱ्याकडे बघून "याने पक्षी मिळत नसतात" असं म्हणालं होतं. मला फार लागलं. तुम्ही त्याच माणसाला पलीकडच्या काठावरचा तुतवार पक्षी दाखवलात, त्याच्या नजरेतून सुटलेला.

बाकीच्यांचंही ऋण आहे. इंजिनीअरिंगला असलेल्या त्या मुलाने गार वाऱ्यात उकिडवं बसून माझ्या कॅमेऱ्याचा फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दिला, शटर स्पीड सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवायला सांगितलं आणि पांढऱ्या पक्ष्याला एक्सपोजर थोडं मायनसमध्ये, म्हणजे फोटो किंचित अंधारा, घ्यायला शिकवलं. सहाशे मिलिमीटरची लेन्स असलेल्या काकांनी आपली ट्रायपॉडची जागा मला दिली आणि स्वतः बाजूला उभे राहिले. कॅमेरा टेकवायची बीन बॅग विकत घेऊ नकोस, जुन्या जीन्सच्या पायात राजमा भरून शीव, हेही तिथेच कळलं. ही सगळी माणसं मला भेटली ती तुमच्याशेजारी उभी होते म्हणून.

आता ती मार्च २०२३ ची सकाळ. तिच्याविषयी आपण कधी बोललो नाही.

नदीच्या मातीच्या उभ्या काठात कवड्याचं बीळ होतं. बातमी पसरली होती, आठ-दहा जण कॅमेरे लावून बसले होते. मीही बसले. कवड्या मासा घेऊन आला आणि बिळात न जाता समोरच्या वाळक्या फांदीवर बसला. उजेड सुरेख, मागची बाजू स्वच्छ, मासा चोचीत. मी आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो काढत होते. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणालात, "माशाचं तोंड बघ कुठे आहे." तोंड बाहेरच्या बाजूला होतं. स्वतः गिळायचा असता तर ते आत, घशाकडे असतं. हा घास दुसऱ्यासाठी होता. "बारा मिनिटं झाली," तुम्ही घड्याळ बघून म्हणालात. "आपण बसलोय म्हणून तो आत जात नाहीये."

तुम्ही उठलात. कोणाला बोल लावला नाहीत, भाषण दिलं नाहीत. आपली सतरंजी गुंडाळून मागे चालू लागलात. मला राग आला होता, ताई. खरंच आला होता. बाकीचे सगळे बसलेत आणि आपणच का जायचं? तरी मी उठले. मागोमाग सहाशेवाले काका उठले, मग तो मुलगा, मग एकेक करून सगळेच. साठेक पावलं मागे येऊन वळून पाहिलं, तर कवड्या फांदीवरून सुटला आणि थेट बिळात शिरला. तुम्ही वहीत लिहिलंत, ७.४८ आत गेला. त्या दिवसाचा माझ्याकडे एकही फोटो नाही, कारण घरी येऊन मीच ते पुसले. तेव्हापासून घरट्याजवळ मी कॅमेरा उचललेला नाही, आणि पक्ष्याला जवळ बोलवायला मोबाइलवर त्याचा आवाजही वाजवलेला नाही.

भिगवणलाही हेच. जानेवारी २०२४. उजनीचं पाणी ओसरून चिखलाचे पट्टे उघडे पडले होते आणि कुंभारगावच्या काठापासून आत रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. चोच उलटी धरून पाणी गाळत चाललेले. नावेत पुढची जागा तुम्ही मला दिलीत, गुडघे दुखत असताना मागच्या फळीवर बसलात. शेजारच्या नावेतून कोणीतरी ओरडत होतं, उडवा, उडवा, फ्लाइट शॉट पाहिजे. तुम्ही आपल्या नावाड्याला म्हणालात, "दादा, त्यांना खाऊ द्या. पैसे तेवढेच देऊ." त्याने इंजिन बंद केलं, बांबू टेकवला आणि खूश होऊन सांगू लागला की बापाबरोबर मासेमारी करायचा तेव्हापासून तो हे पक्षी बघतोय, त्यांना उडायला पाण्यावर किती धावावं लागतं ते त्याला माहीत आहे. अर्धा तास आपण हललो नाही. रोहित स्वतःच चालत चालत आपल्याकडे आले. त्या दिवशी नावेच्या तळाशी साचलेल्या पाण्यात तुमची वही पडली. मी ओरडले. तुम्ही ती उचलून पदराने टिपलीत आणि पुन्हा रोहितांकडे बघू लागलात.

आणि आता भिंतीवरचा फोटो. फेब्रुवारी २०२५ मधला. थंडी होती, सूर्य नुकताच वर आलेला. कवड्या तारेवर होता आणि मी नेहमीसारखी कॅमेरा डोळ्याला लावून त्याच्यामागे फिरवत होते. तुम्ही म्हणालात, "त्याच्यामागे धावू नकोस. सूर चुकला की तो त्याच तारेवर परत येतो आणि दुसऱ्यांदा या दगडाच्या वरच थांबतो. तिथे बघ." ते तुम्ही अंदाजाने सांगितलं नव्हतं, वहीतल्या चार हिवाळ्यांवरून सांगितलं होतं. मी दगडावरच्या रिकाम्या हवेवर लेन्स धरली. पहिला सूर रिकामा गेला. तो परत तारेवर बसला, उडाला आणि आला, तिथेच आला. तुम्ही कुजबुजत होतात, "अजून नाही... डोकं हलतंय... अजून नाही... आता." पंख चालू होते, पण डोकं हवेत खिळा ठोकल्यासारखं स्थिर. मी बटण दाबलं.

फोटोखाली नाव छापताना विचारलं होतं, छायाचित्रकार कोण. मी एकच नाव दिलं. तेव्हापासून मन खात होतं. वाचनालयाला विचारून आज त्या पट्टीवर दुसरी ओळ घालून आले आहे: "नोंदी आणि वेळ" आणि पुढे तुमचं नाव. तुम्ही रागवाल. रागवा.

शेवटचं एक. दिवाळीच्या सुट्टीत मी तुमची भिजलेली वही उतरवून काढली. सासूबाईंनी पानं इस्त्रीने सपाट करून दिली, काही ठिकाणी अक्षर त्यांनीच लावलं. नवी वही तशीच दोनशे पानी आहे, पण पेन्सिलने लिहिली आहे, पाण्यात पडली तरी अक्षर फुटणार नाही. तीन जागा मात्र आम्हा दोघींना लागल्या नाहीत. दोन तुमच्या सहीजवळच्या आहेत, त्यांचं एवढं काही नाही. पण १७ डिसेंबर २०२२ च्या पानावर चक्रवाकांपुढे आकडा आहे, तो २६ आहे की ३६? तेवढी जागा कोरी ठेवली आहे. शनिवारी पावणेपाचला गाडी घेऊन खाली येते, तेव्हा सांगा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची