ख्रिस्ती भक्ती आणि हिंदू भक्ती : साम्य नेमके कोठे?

प्रति,
संपादक,

महोदय,

चर्चमध्ये समई लावणे, आरती ओवाळणे, अभंग गाणे आणि कीर्तन करणे यांविषयी या सदरात गेले काही दिवस पत्रे प्रसिद्ध होत आहेत. काही वाचकांना त्यात भोळ्या हिंदूंच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा डाव दिसतो, तर काहींना शेवटी सगळे धर्म एकच असल्याचा पुरावा सापडतो. दोन्ही बाजूंनी साम्य गृहीत धरले आहे. ते कोणत्या थरावर आहे, हे मात्र कोणी पाहिलेले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनासाठी लोटणाऱ्या गर्दीत सर्व धर्मांची माणसे असतात. लागोपाठ नऊ बुधवार हा तिथला नेम. सोळा सोमवारांचे व्रत केलेल्या बाईला त्यातले काही समजावून सांगावे लागत नाही. वार ठरलेला, संख्या ठरलेली, मनातली इच्छा देवापुढे बोलून ठेवायची आणि मध्ये खाडा पडू द्यायचा नाही. उद्यापनाच्या जागी तिथे आभाराचे पत्र लिहून देण्याची पद्धत आहे, एवढाच फरक. वांद्र्याच्या मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालते. टेकडीवरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळे आणि घरे मांडलेली असतात. गुडघा धरलेला माणूस मेणाचा पाय घेतो, मूल हवे असलेले जोडपे मेणाचे बाळ घेते आणि भाड्याच्या खोलीला कंटाळलेला मेणाचे घर घेऊन वर चढतो. देवीला चांदीचे डोळे वाहणारे किंवा संततीसाठी पाळणा बांधणारे आपण याला परके कसे म्हणणार? तमिळनाडूतील वेलंकणीला तर यात्रेकरू भगवी वस्त्रे नेसून पायी जातात, मुंडण करतात, माउलीला रेशमी साडी नेसवली जाते आणि तिची रथातून मिरवणूक निघते. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मरियामाता, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असे गोव्यातले हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही मानतात आणि सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे उत्सवाला, हिंदू भाविक तेल घेऊन जातात. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला संयम, त्याच्या आरंभीच्या भस्म बुधवारी कपाळी लावली जाणारी राख, जपमाळेवरचे नामोच्चार ही यादी कितीही लांबवता येईल.

पण ही सगळी उदाहरणे प्रामुख्याने नवसाच्या आणि व्रताच्या भक्तीची आहेत, आणि नवसाची भक्ती दोन्हीकडच्या सगळ्यांना मान्य नाही, हे येथे विसरले जाते. नवसाने मुले होत असतील तर नवरा कशाला हवा, असे रोखठोक विचारणारे तुकोबा आपलेच. मूर्तीपुढे मेणबत्त्या आणि मेणाचे अवयव वाहण्याला नाक मुरडणारे प्रॉटेस्टंट मिशनरी याच बाबतीत तुकोबांच्या बाजूचे ठरतात. म्हणजे रेघ हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यामध्ये जेवढी आहे, तेवढीच ती दोन्ही घरांच्या आतूनही गेलेली आहे. मोत माउलीची टेकडी चढणारी बाई आणि देवीची ओटी भरणारी बाई रेघेच्या एका बाजूला. नामाशिवाय दुसरे काही मागू नये म्हणणारा वारकरी आणि अभंग गाणारा मराठी प्रॉटेस्टंट दुसऱ्या बाजूला. ‘ख्रिस्ती लोक आमचे घेतात’ असे म्हणताना आमचे म्हणजे यातले कोणते, हे पत्रलेखकांनी सांगायला हवे होते.

मराठीपुरते बोलायचे तर दुसऱ्या बाजूचा इतिहास अधिक भरघोस आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मराठी उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेल्या स्तोत्रांचे वर्चस्व होते. टिळकांनी ओवी आणि अभंगाला तिथे मानाचे स्थान दिले. ख्रिस्ताला त्यांनी आई आणि गुरू या दोन्ही नात्यांनी आळवले आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, हे कधी लपवले नाही. १९१७ मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडून त्यांनी बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुला असलेला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. अशा माणसाचा अभंग हा धर्मांतराचा गळ होता, असे म्हणणाऱ्याने तो निदान वाचून पाहावा.

टिळकांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकातच, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. घाट नेहमीचाच. नमन, अभंग आणि मग आख्यान. मात्र आख्यानाला ध्रुव किंवा हरिश्चंद्र न घेता उधळ्या पुत्राची गोष्ट घ्यावी. बापाचे घर सोडून गेलेला, डुकरांच्या शेंगांवर तरी पोट भरावे असे वाटण्याइतका खालावलेला आणि परतताना बापाने धावत येऊन मिठीत घेतलेला मुलगा हा विषय कीर्तनकाराच्या हाती लागल्यावर त्याचे किती रंग होत असतील, हे कीर्तन ऐकलेल्या कोणालाही कळेल. ऐकणाऱ्यांत बहुसंख्य त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेले होते. ज्यांना गावच्या देवळाच्या सभामंडपात पाऊल टाकता येत नव्हते, त्यांनी टाळ हातात घेतले तर ते उसने कसे? चोखोबांचा अभंग महाद्वाराबाहेर उभे राहून झालेला आहे.

याच्याही मागे गोवा आहे. इंग्लंडहून आलेले, जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांचे जवळपास अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. जुनी पुराणे हातून गेल्यावर त्यांच्या जागी दुसरे पुराण हवे, ही नवख्रिस्त्यांची भूक त्यामागे होती. ती पुराणे कशी गेली, हे मात्र भक्तीच्या गोडव्यात झाकून टाकू नये. ती दडपशाही पुढेही थांबली नाही: १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले आणि १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, ख्रिस्ती घरांतल्या कितीतरी देशी चालीरीतींवर बंदी घातली, त्यांत लग्नातल्या ओव्याही आल्या. ज्या ओवीत येशूचे चरित्र छापले गेले, तीच एकशेवीस वर्षांनी वधूवरांपुढे गाणे गुन्हा ठरला. तेव्हा देशी रीती चर्चमध्ये आणणे हा रोमचा सनातन डाव होता, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. रोमने भारतातील मिससाठी, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेसाठी, समई, आरती, अंजली आणि जमिनीवर बसण्यासह बारा गोष्टींना परवानगी दिली ती १९६९ साली, आणि तीही कॅथलिकांतल्याच अनेकांना रुचली नाही.

आता सगळे धर्म एकच म्हणणाऱ्यांविषयी. आरती आरतीसारखी दिसते म्हणून कम्युनियन, म्हणजे उपासनेत दिली जाणारी पवित्र भाकर, हा प्रसाद होत नाही. प्रसाद देवळात आलेल्या कोणालाही मिळतो, परक्याच्या हातावरही ठेवला जातो आणि घरी नेऊन शेजाऱ्यालाही देता येतो; कम्युनियन बाप्तिस्मा झालेल्या, तयारीनिशी आलेल्या श्रद्धावानासाठी असते आणि कॅथलिक तिला ख्रिस्ताचे शरीर मानतात. इष्टदेवता आपापली निवडावी, ही मोकळीकही तिथे नाही. टिळकांनी तुकोबांना पूल म्हटले, मुक्काम म्हटले नाही. ज्यांना ते खटकते त्यांनी खुशाल वाद घालावा, पण टिळकांच्या तोंडी सर्वधर्मसमभाव घालू नये.

एक विनंती करून थांबतो. आषाढीला आपण संतांचे अभंग आवर्जून छापता. टिळक जाऊन शंभरहून अधिक वर्षे झाली, त्यांच्या रचना छापायला कोणाच्या परवानगीची गरज उरलेली नाही. नाताळच्या अंकात केकच्या पाककृतीशेजारी त्यांचे दोन अभंग छापावेत, म्हणजे या सदरातल्या पुढच्या पत्रांना काही आधार तरी राहील.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर