रविवारची बैठक: उपवन तलाव

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता उपवन तलावाच्या पायऱ्यांवर जमूया. आधी नुसतं शांत बसायचं; मोबाइल सायलेंटवर नको, बंदच ठेवा. मग वही-पेन्सिल काढून समोर दिसेल ते रेखाटायचं. 'चित्र येत नाही' ही सबब चालणार नाही, मार्क कोणी देणार नाहीये.

नंतर गप्पा रोझा पार्क्स या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कृष्णवर्णीय कार्यकर्तीवर. १ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेतल्या माँटगोमेरीत गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला त्यांनी नकार दिला. अटक झाली, आणि तिथल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. याच बाई पुढे योगासनंही करत! लढणाऱ्यानं स्वतःला कसं जपावं, यावर विचार करून या.

सतरंजी आपापली आणा. पाऊस असला तर बैठक रद्द.