मुशीतली घट आणि पाण्याचे दहा थेंब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत प्रात्यक्षिकांचे दिवस आले की एका साध्या प्रयोगावरून जर्नलांत खाडाखोड सुरू होते. मॅग्नेशिअमची फीत झाकलेल्या मुशीत (चिनीमातीच्या छोट्या भांड्यात) तापवायची, वजन किती वाढले ते बघायचे आणि ऑक्साइडचे सूत्र काढायचे. मॅग्नेशिअम आणि ऑक्सिजनचे अणू एकास एक यायला हवेत. पण ऑक्सिजन कमीच भरतो. मग मुले आकडे ‘बसवतात’ किंवा ‘हात कच्चा’ असा शेरा घेतात. पुष्कळदा दोष हाताचा नसतो. मुशीत मॅग्नेशिअम नायट्राइड, म्हणजे मॅग्नेशिअम आणि नायट्रोजनचे संयुग, तयार झालेले असते आणि ते घालवण्याची पायरी तास संपायच्या घाईत गाळलेली असते.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन. झाकणाखाली ऑक्सिजन आधी संपतो आणि लालबुंद मॅग्नेशिअम नायट्रोजनलाच धरते. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांनी १८९४ साली हवेतला नायट्रोजन काढून टाकायला तापलेले मॅग्नेशिअमच वापरले होते. शेवटी उरला तो अरगॉन वायू.

आता हिशेब. तेवढ्याच मॅग्नेशिअमचे नायट्राइड ऑक्साइडपेक्षा हलके भरते. अर्धा ग्रॅम फितीचा सगळा ऑक्साइड झाला तर ०.८२९ ग्रॅम भरतो. त्यातला दहावा हिस्सा नायट्राइडमध्ये गेला तर ०.८१५. चौदा मिलिग्रॅमची ही घट साध्या दोन दशांशांच्या काट्यावर जेमतेम दिसते, पण नायट्राइड वाढले की सूत्र बिघडते.

उपाय सोपा आहे. फीत पॉलिशपेपरने चकचकीत करावी (पावसाळ्यात ती हमखास काळवंडलेली असते) आणि सैल गुंडाळी करून आधी तापवून तोललेल्या मुशीत ठेवावी. दर दोन-तीन मिनिटांनी झाकण किंचित उचलावे. जास्त उचलले तर पांढरा धूर निघून जातो आणि वजन त्यानेही घटते. फीत धुमसायची थांबली की मूस पूर्ण गार करावी. गरम मुशीत पाणी टाकले तर ती तडकते. मग डिस्टिल्ड वॉटरचे आठ-दहा थेंब. खडकवासल्याचे पाणी कितीही गोड असले तरी नळाचे नको, त्यातले क्षार मुशीतच राहतात. नायट्राइड आणि पाणी मिळून हायड्रॉक्साइड आणि अमोनिया होतो. ओला लाल लिटमस मुशीवर धरला तर निळा होतो. त्यानंतर आधी मंद आच, कारण उकळी आली की पावडर उडते, आणि मग हायड्रॉक्साइडचा ऑक्साइड होण्यासाठी दहा मिनिटे जोराची. इथे घाई केली तर हायड्रॉक्साइड शिल्लक राहून वजन उलट जास्त भरते. लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत तापवत राहावे.

मुशीच्या तळाचे काळे डाग हा वेगळा प्रकार. मॅग्नेशिअम चिनीमातीतल्या सिलिकाशी भिडून सिलिसाइड बनवते. त्यावर आम्ल ओतून वाकून बघू नये. निघणारा सिलेन वायू हवेत आपोआप पेट घेतो.

नायट्राइड मुद्दाम बनवायचे तर मॅग्नेशिअमचा कीस लोखंडी नावेत (नावेच्या आकाराच्या छोट्या भांड्यात) ठेवून, ऑक्सिजन आणि ओल काढून टाकलेल्या नायट्रोजनच्या प्रवाहात सुमारे ८०० अंश सेल्सिअसला काही तास तापवतात. प्रक्रिया उष्णता सोडणारी आहे आणि धातू ६५० अंशांना वितळतो. म्हणून तापमान सावकाश चढवावे, नाहीतर कीस वितळून गोळा होतो आणि आतला धातू कोराच राहतो. पावडर पिवळसर हिरवी निघायला हवी. करडी असेल तर धातू उरलाय. पांढरट असेल तर हवा किंवा ओल शिरलीय. बरणी उघडताच अमोनियाचा वास आला तर त्या मालावर पुढचे काम करू नये.

नायट्राइडच्या स्फटिकाची घडण मुलांना जरूर सांगावी. नायट्रोजनच्या चौकटीत दर दोन नायट्रोजनमागे मॅग्नेशिअमसाठी चार खोल्या असतात. तीन भरतात, एक रिकामी राहते, जुन्या वाड्यातल्या कुलूपबंद खोलीसारखी. तीनास दोन हे सूत्र येते ते इथून. प्रत्येक मॅग्नेशिअमभोवती चार नायट्रोजन आणि प्रत्येक नायट्रोजनभोवती सहा मॅग्नेशिअम. रिकाम्या खोल्या ठरावीक क्रमाने येतात, त्यामुळे घनाकार एकक पेशी (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा) चांगली ऐसपैस, एका नॅनोमीटरच्या आसपास बाजूची आणि ८० अणूंची होते.

विज्ञान प्रदर्शनांत फीत जाळणाऱ्यांनी शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवावी. जळत्या मॅग्नेशिअमवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर चालत नाही, दोन्हींनी आग भडकते.

प्रात्यक्षिकांच्या जर्नलांत ‘पाणी घालून पुन्हा तापवल्यावरचे वजन’ असा एक रकाना छापावा आणि त्याला एक गुण ठेवावा, एवढीच आमची मागणी आहे.

आपले,
रसायनशास्त्राचे काही शिक्षक, पुणे