आधी पाण्याचा रस्ता बघ

माझगाव, मुंबई

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू तुझ्या बोटीच्या तक्रारी सांगितल्यास, पण घाईत होतास, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. पण मागून तुझ्या मिस्त्रीचं बोलणं ऐकू आलं, "स्विच डायरेक्ट करतो, मग जनरेटर बंद नाही पडणार." म्हणजे इंजिन बंद करणारा सुरक्षेचा स्विच वगळून तारा थेट जोडायच्या. सुहास, हे त्याला अजिबात करू देऊ नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण एवढं आजच त्याला सांग.

जनरेटरच्या एक्झॉस्टवर (धूर बाहेर टाकणाऱ्या नळीवर), कूलंटवर (इंजिनात फिरून त्याला गार ठेवणाऱ्या द्रवावर) आणि ऑइल प्रेशरवर एकेक स्विच असतो. थंड करणारं पाणी कमी पडलं, की एक्झॉस्ट तापतो आणि स्विच इंजिन बंद करतो. तो डायरेक्ट केला तर जनरेटर चालेल, पण कोरडा तापलेला धूर रबरी होज (नळी) जाळेल आणि बिल्जमधून, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीतून, केबिनमध्ये शिरेल. तुम्ही एसी लावून झोपणार, हॅच (छताची झडप) बंद, मुलं पुढच्या बर्थवर. डिझेलच्या धुरात पेट्रोलपेक्षा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कमी असतो, पण असतो, आणि त्याला वास नसतो. जनरेटर थांबतोय म्हणजे तो तुम्हाला वाचवतोय.

आता दोन्ही तक्रारींकडे येतो. डावं इंजिन वेग वाढवला की तापतं आणि जनरेटर एसी लावल्यावर थोड्या वेळाने थांबतो. माझा पहिला संशय दोन्हीकडे पाण्यावरच आहे. समुद्राचं पाणी बुडाच्या जाळीतून सी-कॉकमध्ये (बुडाच्या तोटीत) येतं, मग स्ट्रेनर (कचरा अडवणारी गाळणी), मग इम्पेलरचा (रबरी पात्यांच्या चाकाचा) पंप, मग कूलंटची उष्णता घेणारा हीट एक्स्चेंजर, आणि शेवटी एक्झॉस्ट एल्बोत (धुराच्या वळणदार नळीत) धुरात मिसळून बाहेर पडतं. पाणी शिरतं तिथून सुरुवात कर आणि क्रम मोडू नकोस. मिस्त्री लोक आधी थर्मोस्टॅट (कूलंट तापला की वाट उघडणारी झडप) बदलतात, कारण तो वर असतो आणि हाताला सापडतो.

तुझं नशीब म्हणजे बोटीत दोन सारखी इंजिनं आहेत. उजवं बरोबर चालतंय, तेव्हा तेच तुझं माप. एक इन्फ्रारेड थर्मामीटर घे. आधी थर्मोस्टॅटच्या घरावर धरून डाव्या इंजिनाचा तापमानाचा काटा खरं बोलतोय का ते बघ. सेन्सरची वायर गंजली तरी काटा भलतंच दाखवतो. मग दोन्ही इंजिनांवर त्याच त्याच जागी तापमान घे आणि वहीत शेजारी शेजारी लिही. धक्क्याला बांधलेलं असताना मागे जाऊन दोन्हीकडून किती पाणी पडतंय तेही बघ. डावीकडे धार बारीक आणि वाफ जास्त असेल तर पाणी अडतंय. एल्बोच्या पुढच्या रबरी होजवर हात ठेवता आला पाहिजे. नाही ठेवता आला तर इंजिन लगेच बंद.

पावसाळाभर बोट पाण्यात उभी होती म्हणालास. मग जाळीवर बार्नेकल (बुडाला चिकटणारे कवचाचे समुद्री जीव) बसलेच असणार. सी-कॉक बंद करून त्याच्या वरचा होज काढ आणि कॉक क्षणभर उघड. पाणी उसळून वर आलं पाहिजे. नुसतं झिरपलं तर पाणबुड्याला खाली पाठव. तोच प्रोपेलरही बघेल, कारण पात्यांवर बार्नेकल किंवा जाळ्याची दोरी असली तरी इंजिनावर ताण येऊन ते तापतं. याची खूण अशी, की फुल थ्रॉटलला इंजिन पूर्वीएवढे आरपीएम गाठत नाही.

स्ट्रेनर धुताना झाकणाच्या रबरी रिंगवर बोट फिरव. ती फाटली असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो, आणि बाहेर पाणी सांडत नाही म्हणून कोणाला कळत नाही. ओढणाऱ्या बाजूचा होज जुना असेल तर त्याचा आतला थर सुटतो आणि इंजिन जोरात चाललं की आतल्या आत मिटतो. बाहेरून तो चांगला दिसतो.

मग इम्पेलर. पाणी नसताना इंजिन थोडा वेळ जरी चाललं तरी त्याची रबरी पाती करपतात. पात मुळाशी वाकवून बघ, भेग दिसली की बदलायचा. एखादं पात तुटलेलं निघालं तर नवा इम्पेलर बसवून थांबायचं नाही, तुटलेला तुकडा शोधायचा. मागच्या हंगामात मांडव्याला ये-जा करणारी एक बोट माझ्याकडे आली. थर्मोस्टॅट नवा, काटा नवा, इम्पेलरही नवा, तरी वेगात तापायची. हीट एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण काढलं तर आत उसाच्या मोळीसारख्या बांधलेल्या नळ्यांच्या तोंडाशी जुन्या पात्यांचे तुकडे आणि फुटलेलं झिंक (बाकी धातू गंजू नये म्हणून आत बसवलेला जस्ताचा तुकडा) गच्च बसलेलं. सावकाश चालताना उरलेल्या नळ्या पुरत होत्या, वेगात पुरत नव्हत्या. तुझ्या डाव्या इंजिनाची लक्षणं नेमकी हीच आहेत. नळ्या लाकडी काडीने साफ कर, लोखंडी सळई घालू नकोस. आत खवले धरले असतील तर एक्स्चेंजर काढून वास्कोला चांगल्या वर्कशॉपमध्ये साफ करून घे आणि प्रेशर टेस्ट केल्याशिवाय परत बसवू नकोस. झिंक नवीन टाक. कूलंटचं झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडायचं.

जनरेटरच्या आधी आणखी एक जपायचं. इंजिन पटकन सुरू होत नसेल तर स्टार्टर मारत बसू नकोस. प्रत्येक वेळी पंप पाणी ढकलतो, पण ते उडवून लावायला धूर नसतो. मफलर (एक्झॉस्टचा आवाज दाबणारा डबा) भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं. अशा वेळी सी-कॉक बंद ठेवून स्टार्टर मारायचा आणि इंजिनाने पकड घेताच उघडायचा.

आता जनरेटर. तो कसा थांबतो ते नीट बघ. स्विचने थांबवला तर एकदम थांबतो. डिझेल कमी पडत असेल तर आधी आवाज खालीवर होतो, दिवे लुकलुकतात, मग मरतो. बऱ्याच बोटींत जनरेटरची डिझेल ओढणारी नळी मुद्दाम आखूड ठेवतात, म्हणजे टाकी संपत आली तरी परतायला इंजिनांना डिझेल उरावं. टाकी अर्ध्याच्या वर ठेवूनच चाचणी घे आणि फिल्टरच्या वाटीत पाणी साचलंय का बघ.

एसी लावायच्या आधी फक्त गीझर लाव. गीझर सरळ लोड आहे, एसीसारखा सुरू होताना करंटचा झटका मारत नाही. गीझरवरही थांबला तर दोष जनरेटरच्याच पाण्यात, डिझेलमध्ये किंवा स्विचमध्ये. गीझरवर तासभर चालला, तर गीझर चालू ठेवूनच एसीचा समुद्री पंप तेवढा लाव. त्यावर थांबला तर एसी आणि जनरेटर एकाच सी-कॉकमधून पाणी ओढतायत का ते शोध. काही बोटींत अशी जोडणी केलेली मी पाहिली आहे. एसीचा पंप पाणी पळवतो आणि जनरेटर तहानलेला राहतो. उपाय म्हणजे जनरेटरला स्वतंत्र सी-कॉक, आणि त्यासाठी बोट वर काढावी लागेल. खर्च आहे, पण टाळू नकोस.

जनरेटरच्या पाटीवरही नजर टाक. बोट अमेरिकेहून आलेली आहे, तिकडे ६० हर्ट्झ. चार पोलच्या (चार चुंबकीय टोकांच्या) जनरेटरला त्यासाठी १८०० आरपीएम लागतात. आपल्या ५० हर्ट्झसाठी तोच १५०० वर आणला असेल, तर त्याच्या पट्ट्यावरचा पाण्याचा पंपही सहाव्या हिश्श्याने हळू फिरतो आणि वॅटचीही ताकद जवळपास तेवढीच घटते. पाटीवर ९ किलोवॅट असले तरी साडेसातच धर. दोन्ही एसी आणि गीझर एकदम त्याच्यावर टाकू नका.

ही सगळी मापं घेऊन वहीच्या पानांचे फोटो पाठव, दोन्ही इंजिनांचे आकडे एकाच पानावर. डाव्या हीट एक्स्चेंजरचं झाकण उघडलंस तर आतलाही फोटो काढ. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म केबिनमध्ये बसेपर्यंत रात्री जनरेटर लावून कोणी बोटीत झोपायचं नाही. वहिनींनाही हे माझ्या नावाने सांग. अलार्म पणजीत नाही मिळाला तर मी इथून कुरिअर करतो, फक्त किती हवेत ते कळव.

तुझा,
दिनेश