विषय: भरलेल्या हॉटेलातल्या 'रिकाम्या' रूमचं बिल मागे घेण्याबाबत

प्रति,
महाव्यवस्थापक,

तुमच्या अकाउंट्स विभागाशी आज सकाळी शेवटचं बोलणं झालं. यापुढे फोन नाही, जे काय ते लेखी. कराराचा मसुदा तुमच्याच सेल्सने पाठवला होता, तेव्हा अ‍ॅट्रिशन, म्हणजे ठरल्यापेक्षा कमी रूम भरल्या तर द्यायची भरपाई, हे तुम्हाला समजावत बसत नाही. फक्त हिशेब बघा.

आमच्या कॉन्फरन्ससाठी राखून ठेवलेला 100 रूमचा ब्लॉक, तीन रात्री, म्हणजे 300 रूम-नाइट. 20 टक्के कमी भरल्या तरी चालतील असं ठरलं होतं, म्हणजे 240 भरायच्या. तुमच्याच पिकअप रिपोर्टप्रमाणे, म्हणजे ब्लॉकमधल्या किती रूम भरल्या त्याच्या नोंदीप्रमाणे, पहिल्या रात्री 60, दुसऱ्या रात्री 90, तिसऱ्या रात्री 60, एकूण 210. तूट 30 ची. बिल मात्र 40 चं! कारण तुम्ही प्रत्येक रात्र वेगळी धरली, दोन रात्रींची तूट आमच्या माथी मारली आणि मधल्या रात्री 80 च्या वर भरलेल्या 10 रूम खुशाल विसरलात. करारात 'तिन्ही रात्री मिळून' असं स्वच्छ लिहिलंय. त्या तीन शब्दांसाठी आम्ही तुमच्या सेल्सशी किती ईमेल केले, ते सगळं माझ्याकडे आहे.

आणि ती 30 ची तूटसुद्धा खरी नाही. कट-ऑफ तारखेच्या, म्हणजे न भरलेल्या रूम तुम्ही परत घ्यायच्या तारखेच्या, आधीच तुमच्या वेबसाइटवर त्याच रूम आमच्या ग्रुप रेटपेक्षा स्वस्त दिसत होत्या. असं करायचं नाही, हेही करारात आहे. साहजिकच आमच्या काही डेलिगेट्सनी तिथून बुकिंग केलं. त्यांनी आम्हाला पाठवलेल्या कन्फर्मेशनवरून अशा 38 रूम-नाइट निघतात. ब्लॉकबाहेर राहिलेले डेलिगेट आमच्याच खात्यात धरायचे, असं कलम आहे. 210 आणि 38, झाल्या 248. आम्ही 240 च्या वर आहोत. नोंदणी यादी दिली, तुमच्या गेस्ट लिस्टशी ताडून बघा म्हटलं, तर 'गोपनीयता' पुढे केली. आम्हाला कोणाची नावं नकोच आहेत. तुम्हीच ताडा आणि नुसता आकडा कळवा.

आता तिसऱ्या रात्रीबद्दल, कारण खरा संताप तिथला आहे. आमच्या एका ज्येष्ठ वक्त्यांचं परतीचं विमान रद्द झालं. त्यांना घेऊन मी स्वतः तुमच्या फ्रंट डेस्कवर उभी होते. एक रात्र वाढवून द्या, एवढंच मागत होते. डेस्कवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली: एकही रूम शिल्लक नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बॅग ओढत दुसरं हॉटेल शोधावं लागलं. आणि त्याच रात्रीच्या 20 रिकाम्या रूमचं भाडं तुम्ही आमच्याकडे मागताय!

आज हेच मी फोनवर विचारलं. हॉटेल फुल होतं, मग रिकाम्या रूम कुठल्या? पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, हॉटेल फुल होतं, पण तुमच्यामुळे फुल नव्हतं." मी म्हटलं, कट-ऑफनंतर आमच्या उरलेल्या रूम तुम्ही परत घेतल्यात आणि विकल्यात, त्यांची वजावट द्यायची असं कलम आहे. त्यावर ते गृहस्थ हसले. खरंच हसले. म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदाच कॉन्फरन्स करताय का? कलमं सगळेच घालतात, पैसेही सगळेच भरतात." आणि मला होल्डवर टाकून दिलं. होल्डवर तुमची जाहिरात वाजत होती, 'अतिथी आमच्यासाठी देवासमान'. मी फोन ठेवला.

एकच रूम दोनदा विकायची, एकदा तिथे झोपलेल्या माणसाला आणि एकदा आम्हाला, हा धंदा नाही, लबाडी आहे. वरून त्या 40 रूम-नाइटचा पूर्ण रेट लावलाय, नाश्त्यासकट. न आलेल्या माणसांनी कुठला नाश्ता खाल्ला? तुमचं नुकसान फार तर बुडालेल्या नफ्याचं. करारातही नफाच म्हटलंय, पूर्ण भाडं नाही.

मास्टर बिलातली, म्हणजे कॉन्फरन्सच्या एकत्रित बिलातली, वादात नसलेली रक्कम आम्ही भरली आहे. अ‍ॅट्रिशनचा एक पैसाही भरणार नाही. आमच्या डिपॉझिटमधून परस्पर वळती केलीत, तर पुढचं पत्र वकिलाचं येईल.

पुढच्या वर्षीचा करार तुमच्याकडून सही होऊन आला आहे. आमची सही त्यावर नाही. इतर संघटनांचे संयोजक आम्हाला तुमच्याबद्दल विचारतात. आजवर आम्ही चांगलंच सांगत आलो, कारण तुमची बँक्वेटची माणसं खरोखर जीव लावून काम करतात. त्यांचं नाव खराब होतंय याचं मला वाईट वाटतं.

तिन्ही रात्रींचा ऑक्युपन्सी रिपोर्ट आणि सुधारित बिल आठ दिवसांत पाठवा. फोन करू नका.

सचिव,
संयोजन समिती