निवृत्त ग्रेहाउंड आणि घरातली मोठी माणसं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरात या शर्यतींवर २०१८ पासून बंदी आहे. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात त्या चालू आहेत. शर्यती बंद होवोत की चालू राहोत, धावणं थांबलेल्या कुत्र्यांना घरं लागतातच. ग्रेहाउंड साधारण दोन ते पाच वर्षांचा असताना निवृत्त होतो आणि पुढे बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत जगू शकतो. तो दत्तक घेणाऱ्यांत इथली मराठी कुटुंबंही असतात. मुलगा-सून कामावर गेले की दिवसभर कुत्र्याजवळ कोण असतं? चार-सहा महिन्यांसाठी महाराष्ट्रातून आलेले आई-वडील. माहिती मात्र सगळी मुलांना मिळते, म्हणून हे पत्र आपल्या वाचकांपैकी अशा आई-वडिलांसाठी.

पहिला गैरसमज असा की शर्यतीचा कुत्रा म्हणजे दिवसभर धावपळ. प्रत्यक्षात हा प्राणी दिवसाचे सोळा-अठरा तास झोपतो. सकाळ-संध्याकाळ वीस ते तीस मिनिटं चालणं त्याला पुरतं. खरी अडचण वेगळी आहे. तो कुत्रागृहात वाढलेला असतो, घर त्याने पाहिलेलंच नसतं. जिना, आरसा, काचेचं सरकतं दार, गुळगुळीत फरशी, कुकरची शिट्टी, मिक्सरचा आवाज, सगळं त्याला नवं. काचेच्या दारावर त्याच्या नाकाच्या उंचीला रंगीत चिकटपट्टीच्या दोन-तीन रेघा ओढा, नाहीतर तो सरळ जाऊन आपटतो. फरशीवर त्याच्या जागेपासून दारापर्यंत न घसरणाऱ्या लांब सतरंज्या टाका; घसरून मागचे पाय फाकले की स्नायू दुखावतो. जिना शिकवायला दोन माणसं लागतात. एकाने पुढून गळपट्टा धरायचा आणि दुसऱ्याने मागून एकेक पाय उचलून पायरीवर ठेवायचा. चढणं लवकर जमतं, उतरताना तो सगळ्या पायऱ्या एका उडीत घेऊ पाहतो. त्याला कधीही जिन्यावर ओढू नका. ‘बस’ म्हटल्यावर तो बसला नाही तर तो हट्टीपणा समजू नका. मांड्यांच्या भरीव स्नायूंमुळे अनेक ग्रेहाउंडना बसणं अवघडच जातं.

झोपेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लहान मुलांना दुखापत बहुधा इथेच होते. कुत्रागृहात झोपलेल्या ग्रेहाउंडला सहसा कोणी हात लावत नाही. घरी नातवंडं प्रेमाने अंगावर पडतात आणि तो दचकून, पूर्ण जागा होण्याआधीच तोंड मारतो. काही ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवून झोपतात, त्यामुळे तो जागा आहे असं वाटतं. नियम एकच: लांबून नाव घ्या, तो मान वर करेपर्यंत थांबा, मग हात लावा. त्याचं अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेत नको, आणि मुलांनी त्यावर जायचं नाही. पहिले काही महिने त्याला सोफ्यावर किंवा माणसांच्या पलंगावर घेऊ नये. अंथरूण मात्र चांगलं हवं. अंगावर चरबी नसते, कोपरं हाडकुळी असतात, त्यामुळे निदान दहा सेंटीमीटर जाड फोमची, तो पाय पसरून पडेल एवढी मोठी गादी लागते. पातळ घोंगडीवर कोपरांना घट्टे पडतात, मग जखमा होतात. त्याची शेपटी लांब असते आणि आनंदात जोरात हलते. निरांजन आणि समई ती पोहोचणार नाही इतक्या उंच ठेवा.

आता पट्टा. ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा जाड असते. साधा गळपट्टा तो मागे सरकून क्षणात काढून टाकतो. म्हणून मार्टिंगेल पद्धतीचा, ओढल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा रुंद पट्टा घ्यायचा आणि तो मानेवर उंच, कानांच्या लगेच मागे बसवायचा. पूर्ण ओढला असता त्याच्या दोन कड्यांमध्ये दोन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. कड्या एकमेकींना टेकल्या तर पट्टा सैल आहे. घरात हा पट्टा काढून ठेवा, कारण तो कशात अडकला तर आवळतो. नाव-फोनचा बिल्ला साध्या, हलक्या पट्ट्यावर लावा. लीश, म्हणजे फिरवताना हातात धरायची दोरी, दोन मीटरच्या आतली, जाड आणि साधी. गुंडाळत जाणारी लीश अजिबात नको. ससा किंवा मांजर दिसलं की हा कुत्रा मोजक्या ढांगांत ताशी साठ किलोमीटरच्या पुढे जातो; दोरी संपते तिथे त्याच्या मानेला आणि धरणाऱ्याच्या खांद्याला एकदम हिसका बसतो. लीशचा फास मनगटातून घालून तळहातात धरा, बोटांना गुंडाळू नका. मोकळ्या मैदानात ‘जरा पळू दे’ म्हणून सोडू नका. एकदा नजर शिकारीवर गेली की हाक त्याच्या कानात शिरत नाही, आणि रस्ता तो पाहत नाही. व्हिक्टोरियात १ जानेवारी २०१९ पासून पाळीव ग्रेहाउंडला तोंडाची जाळी सक्तीची नाही, पण सार्वजनिक जागी लीश कायद्यानेच बंधनकारक आहे. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, ते तिथल्या पालिकेकडून विचारून घ्यावेत.

आपल्या स्वयंपाकघराचा धोका वेगळा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आमटी-भाजी कालवलेली पोळी देऊ नका. द्राक्षं, मनुका, बेदाण्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. शिऱ्याच्या प्रसादाचा घासही नको. शिजवलेली हाडं आणि चॉकलेटही नको. शाकाहारी घरात मांस शिजवावं लागत नाही, तयार कोरडं खाणं चालतं. तीस किलोच्या कुत्र्याला ते दिवसाला साडेतीनशे ते चारशे ग्रॅम लागतं, दोन वेळांत विभागून. जुन्या खाण्यावरून नव्यावर यायला सात ते दहा दिवस घ्या, नाहीतर जुलाब होतात. शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसट दिसणं हे या जातीचं योग्य वजन आहे. ‘किती वाळलाय’ म्हणून तूप-पोळी भरवणं म्हणजे त्याच्या सांध्यांवर भार टाकणं. मराठवाड्यात ज्यांनी कारवान हा असाच सडपातळ शिकारी कुत्रा पाळला आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही.

आई-वडील घरी असल्याने होणारा एक तोटा कोणाच्या लक्षात येत नाही. कुत्रागृहात भोवती सतत इतर कुत्री होती. घरी आल्यावर सहा महिने आजी-आजोबा. ते परत गेले की कुत्रा आयुष्यात पहिल्यांदा एकटा पडतो, रडतो, दारं ओरबाडतो. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच, सगळे घरी असतानाही, त्याला रोज थोडा वेळ एकटं ठेवायची सवय लावा. सुरुवात एक-दोन मिनिटांनी, मग पाच, मग पंधरा. तो घाबरायच्या आत परत या.

पशुवैद्याकडे जाताना जात आवर्जून सांगा. इतर कुत्र्यांत रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण ३७ ते ५५ टक्के असतं, ग्रेहाउंडमध्ये ५० ते ६५ टक्के नेहमीचं. प्लेटलेट आणि थायरॉइडचे आकडे कमी येतात, मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन थोडं जास्त. हे ठाऊक नसेल तर निरोगी कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. थायोपेंटोनसारख्या बार्बिच्युरेट औषधाने दिलेली भूल फार उशिरा उतरते. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांनी अचानक रक्तस्राव होण्याची प्रवृत्ती आहे, त्यासाठी आधीच औषध देता येतं का ते विचारा. दात रोज घासा. लंगडणं विश्रांतीनेही थांबत नसेल तर एक्स-रे काढायचं टाळू नका. हाडाचा कर्करोग या जातीत जास्त आढळतो.

व्हिक्टोरियात २०२० पासून घरमालकाला भाडेकरूच्या पाळीव प्राण्याला अवाजवी नकार देता येत नाही, मात्र लेखी परवानगी मागावी लागते. दत्तक देणाऱ्या संस्थेला मांजर आणि लहान कुत्र्यासमोरच्या चाचणीत काय दिसलं ते विचारा. जुनी दुखापत, झोपेतलं दचकणं, दातांची स्थिती हेही विचारा. आधी काही आठवडे तात्पुरतं सांभाळायची सोय असेल तर तीच घ्या. भेटीला आजी-आजोबांना न्या, लीश त्यांच्या हातात द्या आणि दहा मिनिटं चालवू द्या. ओढ त्यांना आवरत नसेल तर शांत, कमी वजनाची मादी मागा.

आपले,
निवृत्त ग्रेहाउंड दत्तक देण्याच्या कामातले दोन वाचक, मेलबर्न